सातबारा कोणाच्या नावावर? इस्रायल-पॅलेस्टाईन वाद, जमिनीच्या कागदांतून

गाझातली युद्धबंदी, वेस्ट बँकमधल्या वसाहती, एरिया सी, १९६७ च्या सीमा. बातम्यांत हे शब्द रोज येतात आणि सगळ्यांना ते ठाऊकच आहेत असं धरून बातमी पुढे जाते. वाचणाऱ्याच्या हाती मग एवढंच उरतं की दोन धर्मांचं हजारो वर्षांचं वैर आहे आणि ते काही मिटायचं नाही. ही समजूत चुकीची आहे. आज चाललेल्या भांडणाचं वय फार तर दीडशे वर्षं. त्याची सुरुवात जिथून होते ती गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही खेड्यातल्या माणसाला चटकन कळेल: जमीन कसतो कोण आणि कागदावर नाव कोणाचं.

आधी आकार डोळ्यांसमोर आणा. जॉर्डन नदी आणि भूमध्य समुद्र यांच्यामधला, ज्यावरून हे सगळं चाललंय तो पूर्ण प्रदेश साधारण २६ ते २७ हजार चौरस किलोमीटरचा आहे. पुणे आणि सातारा हे दोन जिल्हे एकत्र केले की जवळपास तेवढा. त्यातली वेस्ट बँक, म्हणजे जॉर्डन नदीच्या पश्चिमेचा पट्टा, आपल्या रायगड जिल्ह्यापेक्षा लहान. गाझा पट्टी अवघी ३६५ चौरस किलोमीटर.

भांडणाच्या आधीचा कायदा

१५१७ पासून चारशे वर्षं हा मुलूख तुर्कांच्या ऑटोमन साम्राज्यात होता. १८५८ साली ऑटोमन सरकारने नवा जमीन कायदा केला. बहुतेक शेतजमिनीची अंतिम मालकी सरकारची आणि कसण्याचा, वारसांना देण्याचा हक्क शेतकऱ्याचा, असा हा प्रकार. अशा जमिनीला ‘मिरी’ म्हणत. प्रत्येकाने आपली जमीन सरकारी वहीत, म्हणजे ‘ताबू’मध्ये, नोंदवून घ्यायची होती.

शेतकऱ्यांनी ही नोंद टाळली. वहीत नाव चढलं की कर मागायला माणूस येणार आणि पोराला लष्करात ओढून नेणार, ही धास्ती होती. शिवाय अनेक गावांत जमीन सामाईक असे, ठरावीक वर्षांनी वाटे बदलत, त्यामुळे एकेकाच्या नावाची नोंद ही कल्पनाच लोकांना परकी होती. परिणाम असा झाला की गावाच्या गावं शहरातल्या एखाद्या बड्या घराण्याच्या किंवा दूरच्या व्यापाऱ्याच्या नावावर चढली. कसणारा होता तिथेच राहिला, पिढ्यानपिढ्या आपलीच जमीन समजून. कागदावर मात्र तो आता कूळ होता.

या कायद्यातल्या दोन तरतुदी ध्यानात ठेवा, पुढे त्या पुन्हा येणार आहेत. एक: मिरी जमीन तीन वर्षं विनाकारण पडीक राहिली तर सरकार ती परत घेऊ शकतं. दुसरी: गावाच्या शेवटच्या घरापासून मोठ्याने दिलेली हाक जिथे ऐकू येत नाही, तिथून पुढची मोकळी जमीन ‘मवात’, म्हणजे मृत, धरायची.

ज्यू तिथे आले कुठून?

थोडे ज्यू तिथे कायमचेच होते. जेरुसलेम, हेब्रॉन, सफेद आणि तिबेरियस या शहरांत त्यांची जुनी वस्ती होती. आणि जगभरच्या ज्यूंच्या प्रार्थनेत दोन हजार वर्षं जेरुसलेमचं नाव होतं, तेव्हा हे नातं कोणी काल रचलेलं नाही.

पण मोठ्या संख्येने येणं सुरू झालं ते युरोपातल्या छळामुळे. १८८१ नंतर रशियन साम्राज्यात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ल्यांची लाट आली. बहुतेक जण अमेरिकेला गेले, काही पॅलेस्टाईनकडे वळले. १८९७ मध्ये थिओडोर हर्झल यांनी स्वित्झर्लंडमधल्या बाझल शहरात परिषद भरवली. ज्यूंना स्वतःची भूमी हवी, या तिथून संघटित झालेल्या राजकीय चळवळीचं नाव झायोनिझम. १९०१ मध्ये तिने ज्यू नॅशनल फंड काढला. या निधीने घेतलेली जमीन पुन्हा विकायची नाही, ती ज्यू समाजाच्या मालकीची राहील आणि दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानेच दिली जाईल, असा नियम होता. बाजारात आलेली जमीन एकदा या निधीकडे गेली की बाजारातून कायमची बाहेर.

“अरबांनीच जमिनी विकल्या ना?”

काहींनी विकल्या, हे खरं आहे. पण विकणारा कोण होता ते पाहा. सर्वांत गाजलेला व्यवहार म्हणजे उत्तरेकडच्या जेझ्रील खोऱ्यातल्या जमिनींचा. त्या बैरूतच्या सुरसुक या धनाढ्य घराण्याच्या नावावर होत्या. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला खरेदीखत झालं, पैसे बैरूतला गेले आणि खोऱ्यातल्या कुळांना घरदार सोडावं लागलं. कायद्याच्या भाषेत व्यवहार चोख होता. कुळांच्या बाजूने पाहिलं तर आजोबांनी नांगरलेली जमीन न विकताच गेली होती. पहिल्या महायुद्धानंतर इथे ब्रिटिशांचा अंमल होता. कुळांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा त्यांनी केला तो १९२९ मध्ये, तोवर उशीर झालेला होता.

इतकं होऊनही १९४७ पर्यंत ज्यूंच्या मालकीची जमीन एकूण प्रदेशाच्या साधारण ६-७ टक्केच होती. म्हणजे पुढे जे राज्य उभं राहिलं त्याचा मोठा भाग विकत घेतलेल्या जमिनीवर उभा नाही.

एक प्लॉट, तीन साठेखतं

पहिल्या महायुद्धात तुर्क जर्मनीच्या बाजूने उतरले आणि ब्रिटिशांनी त्यांच्या मुलखाचे वायदे वाटायला सुरुवात केली. १९१५-१६ मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनना लिहिलेल्या पत्रांत अरबांना स्वातंत्र्याचं आश्वासन दिलं. १९१६ मध्ये फ्रान्सबरोबर गुप्त करार करून तोच मुलूख आपसात वाटून घेतला. २ नोव्हेंबर १९१७ च्या बाल्फोर जाहीरनाम्यात ज्यूंना पॅलेस्टाईनमध्ये ‘राष्ट्रीय निवासस्थान’ कबूल केलं. एकाच प्लॉटचं साठेखत तिघांशी करणाऱ्या बिल्डरने करावं तसंच हे होतं, फक्त इथे प्लॉट बिल्डरच्या नावावरही नव्हता.

बाल्फोर जाहीरनाम्याच्या मसुद्यात एक फट आहे. ज्यूंचा उल्लेख त्यात ‘लोक’ म्हणून, राष्ट्र म्हणून आहे. तिथल्या बहुसंख्य अरबांचा उल्लेख ‘ज्यू नसलेले समाज’ असा आहे, आणि त्यांना कबूल केलेत ते नागरी आणि धार्मिक हक्क. राजकीय हक्कांचा शब्दही नाही. १९२२ च्या जनगणनेत प्रदेशाची लोकसंख्या साडेसात लाखांच्या आसपास आणि ज्यू त्यात साधारण ११ टक्के होते. उरलेल्या ८९ टक्क्यांची ओळख ‘जे ज्यू नाहीत ते’ एवढीच.

१९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि येणाऱ्यांचा ओघ वाढला. १९३६ ते ३९ अरबांनी उठाव केला, ब्रिटिशांनी तो चिरडला. मग त्यांना शांत करायला १९३९ मध्ये ब्रिटिशांनी पाच वर्षांत फक्त ७५ हजार ज्यूंना प्रवेश, अशी मर्यादा घातली. युरोपातल्या ज्यूंना पळायला जागा हवी होती नेमक्या त्याच वेळी हे दार जवळपास बंद झालं. पुढच्या सहा वर्षांत ६० लाख ज्यू मारले गेले. आपलं राज्य असतं तर हे घडलं नसतं, ही भावना इस्रायली मनात किती खोल आहे हे न समजता या वादातलं पुढचं काहीच समजणार नाही.

“१९४७ ची फाळणी अरबांनी मान्य का केली नाही?”

थकलेल्या ब्रिटिशांनी प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघाकडे ढकलला. २९ नोव्हेंबर १९४७ ला ठराव १८१ मंजूर झाला: बाजूने ३३, विरोधात १३, तटस्थ १०. ज्यू राज्याला साधारण ५५ टक्के जमीन, अरब राज्याला त्याहून कमी, जेरुसलेम आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली.

तेव्हा ज्यू एकूण लोकसंख्येच्या एक तृतीयांश होते आणि प्रस्तावित ज्यू राज्यात अरबांची संख्या जवळपास निम्मी होती. आम्ही बहुसंख्य असताना आमच्याच घराचा मोठा हिस्सा का द्यायचा, हा अरबांचा प्रश्न. ज्यू नेतृत्वाने योजना स्वीकारली, कारण मिळतंय ते राज्य आधी पदरात पाडून घेणं त्यांच्यासाठी जीवनमरणाचं होतं. मिळालेल्या टक्क्यांत नेगेवचं वाळवंटही बरंच होतं, हेही खरं. भारताने ठरावाच्या विरोधात मत दिलं. त्याआधीच्या चौकशी समितीत भारताने इराण आणि युगोस्लाव्हियासोबत एकच संघराज्य सुचवलं होतं. स्वतःच्या फाळणीच्या जखमा तेव्हा ओल्या होत्या.

माझं मत विचाराल तर अरब नेतृत्वाचा नकार न्यायाच्या दृष्टीने समजण्याजोगा होता आणि परिणामांच्या दृष्टीने घातक. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

पेन्सिलीची रेघ

ठरावानंतर लगेच यादवी पेटली. ९ एप्रिल १९४८ ला देर यासीन गावात ज्यू सशस्त्र गटांनी शंभरावर गावकरी मारले. चार दिवसांनी हदासा इस्पितळाकडे जाणाऱ्या वैद्यकीय ताफ्यावर अरबांनी केलेल्या हल्ल्यात ७८ जण गेले. १४ मे रोजी ज्यू नेते बेन-गुरियन यांनी इस्रायलची घोषणा केली, दुसऱ्या दिवशी शेजारच्या अरब देशांच्या फौजा शिरल्या.

३० नोव्हेंबर १९४८ ला जेरुसलेममधल्या एका ओस घरात दोन अधिकारी नकाशा पसरून बसले: इस्रायलचे मोशे दायान आणि जॉर्डनकडून अब्दुल्ला अल-तल. जमिनीवर नकाशा, हातात मेणाच्या जाड पेन्सिली. दायान यांनी हिरव्या रंगाने आपल्या फौजेची रेघ ओढली, अल-तल यांनी लाल रंगाने. नकाशा १:२०,००० प्रमाणाचा. पेन्सिलीची रेघ तीन-चार मिलिमीटर रुंद. हिशेब करा: नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर २० मीटर, म्हणजे नुसत्या रेघेखाली ६० ते ८० मीटरचा पट्टा गाडला गेला. त्यात घरं होती, रस्ते होते. रेघेच्या खालचं घर कोणाचं, यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. पुढच्या वर्षीच्या शस्त्रसंधीत आखलेल्या रेषेने बेत सफाफा या गावाचे तर दोन तुकडे झाले.

या रेषेला आज ‘ग्रीन लाइन’ म्हणतात. ‘१९६७ च्या सीमा’ म्हणजे हीच १९४९ ची रेष, १९६७ च्या युद्धाच्या आदल्या दिवसापर्यंत टिकलेली. तिच्या आत प्रदेशाचा ७८ टक्के भाग इस्रायलकडे आला, वेस्ट बँक जॉर्डनकडे गेली, गाझा इजिप्तकडे.

सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी या काळात पळाले किंवा हाकलले गेले आणि त्यांना परत येऊ दिलं नाही. चारशेहून अधिक गावं ओस पडली. ते याला ‘नकबा’, म्हणजे अरिष्ट, म्हणतात. मग कागद पुढे आला. इस्रायलने १९५० मध्ये ‘गैरहजरांच्या मालमत्तेचा कायदा’ केला: अमुक तारखेनंतर जो आपल्या राहत्या जागी नव्हता त्याची मालमत्ता सरकारी कस्टोडियनकडे. त्याच सुमारास भारत आणि पाकिस्तानातही निर्वासितांच्या मालमत्तेसाठी कस्टोडियन नेमले होते, म्हणून ही कल्पना आपल्याला नवी नाही. पण इथला एक प्रकार विलक्षण आहे. जे अरब शेजारच्या गावात आसऱ्याला गेले आणि इस्रायलच्या हद्दीतच राहिले, त्यांनाही हा कायदा लागू झाला. ते नागरिक झाले, मतदार झाले, पण स्वतःच्या जमिनीच्या बाबतीत मात्र ‘गैरहजर’. त्यांना ‘हजर-गैरहजर’ असंच नाव पडलं.

त्याच वर्षी दुसरा कायदा आला, जगातल्या कुठल्याही ज्यूला इस्रायलमध्ये येऊन स्थायिक होण्याचा हक्क देणारा. इथे मराठीचा धागा जुळतो. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावोगावी ‘शनिवार तेली’ म्हणत, या कायद्याखाली तिकडे गेले आणि बीरशेबा, दिमोना, रामला, लोद अशा गावांत वसले. ते पुरते ज्यू आहेत का, अशी शंका तिथल्या धर्मपीठाने काढली आणि १९६४ मध्ये इस्रायली संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. आणि लोद? जुलै १९४८ मध्ये तिथल्या बहुसंख्य अरबांना इस्रायली सैन्याने उन्हातान्हात बाहेर काढलं होतं. मराठी बोलणारी माणसं जिथे नवा संसार मांडत होती तिथले जुने रहिवासी निर्वासित छावण्यांत होते. यात त्या मराठी कुटुंबांचा दोष नव्हता.

“अरब देशांतून ज्यूही पळालेच ना? मग फिट्टंफाट का नाही?”

पळाले, आणि त्यांचं दुःख फारसं सांगितलं जात नाही. पुढच्या काही दशकांत इराक, येमेन, इजिप्त, मोरोक्को अशा देशांतून आठ लाखांच्या आसपास ज्यू बाहेर पडले. त्यांचीही घरं, दुकानं जप्त झाली. पण फिटतं ते देणेकरी आणि घेणेकरी एकच असले तर. बगदादमध्ये ज्यूचं दुकान इराकी सरकारने घेतलं, त्याची भरपाई हैफातल्या शेतकऱ्याने का करायची? दोन्ही दावे आपापल्या जागी खरे आहेत आणि दोन्ही थकीत आहेत.

१९६७ आणि एक ‘द’

जून १९६७ मधल्या सहा दिवसांच्या युद्धात इस्रायलने वेस्ट बँक, पूर्व जेरुसलेम, गाझा, इजिप्तचा सिनाई आणि सीरियाच्या गोलन टेकड्या घेतल्या. नोव्हेंबरात सुरक्षा परिषदेचा ठराव २४२ आला: इस्रायलने व्यापलेल्या प्रदेशातून माघार घ्यावी आणि प्रत्येक राष्ट्राला सुरक्षित सीमांत जगू द्यावं. इंग्रजी मसुद्यात ‘प्रदेश’ या शब्दाआधी ‘द’ नाही. म्हणून इस्रायल म्हणतं, सगळ्याच प्रदेशातून माघार घ्यावी असं ठरावात कुठे म्हटलंय? फ्रेंच मसुद्यातून मात्र ‘त्या प्रदेशांतून’ असा अर्थ निघतो. मराठीत असा ‘द’च नाही, त्यामुळे आपल्याला हा वाद पोरकट वाटेल. पण तो शब्द सोडणं अपघात नव्हता, घासाघीस करून तो वगळला होता.

एकशे वीस वर्षांनी तोच कायदा

व्यापलेल्या प्रदेशात आपले नागरिक वसवू नयेत, असं चौथा जिनिव्हा करार सांगतो. इस्रायलचं म्हणणं असं की वेस्ट बँकवर आधी कोणाचंच मान्य सार्वभौमत्व नव्हतं, म्हणून ती ‘व्यापलेली’ नसून ‘वादग्रस्त’ आहे. जवळपास सगळं जग हे मानत नाही.

सुरुवातीला वसाहतींसाठी लष्करी गरज दाखवून खाजगी जमीन ताब्यात घेत. १९७९ मध्ये नाब्लुसजवळच्या एलोन मोरे प्रकरणात जमीनमालक इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जिंकले: ही वसाहत लष्करी गरजेची नाही, जमीन परत करा. तिथून सरकारने रस्ता बदलला आणि कपाटातून १८५८ चा ऑटोमन कायदा बाहेर काढला.

पद्धत अशी. आधी हवाई छायाचित्रांवरून कोणती जमीन किती नांगरली आहे ते तपासायचं. सलग दहा वर्षं कसलेली असेल तर शेतकऱ्याचा हक्क. पडीक असेल, खडकाळ असेल, गावापासून लांब असेल तर सरकारी जमीन जाहीर करायची. आता हेब्रॉनच्या डोंगरउतारावरचं शेत डोळ्यांसमोर आणा: दगडांच्या मधल्या मातीत चार ऑलिव्हची झाडं, बाकी खडक. शेतकरी म्हणतो, नांगर जिथे फिरतो तिथे फिरवला. अधिकारी म्हणतो, निम्म्याहून कमी जमीन लागवडीखाली आहे, सबब ही सरकारची. हरकत घ्यायला ४५ दिवस, तीही लष्करी समितीपुढे, आणि सिद्ध करायचं शेतकऱ्याने. हातात असते कराची पावती. आपल्याकडे घरपट्टीच्या पावतीवर मालकी सिद्ध होत नाही, तसंच तिथेही.

मालकीची पक्की नोंद का नसते? कारण ब्रिटिशांनी सुरू केलेलं आणि जॉर्डनने पुढे नेलेलं जमीन नोंदणीचं काम वेस्ट बँकच्या साधारण एक तृतीयांश भागातच पुरं झालं होतं. १९६८ मध्ये इस्रायलने लष्करी आदेश २९१ काढून ते थांबवलं. ऑटोमन कायद्याच्या या मार्गाने १९७९ नंतरच्या दीड दशकात सुमारे नऊ लाख दुनम जमीन सरकारी ठरली. एक दुनम म्हणजे हजार चौरस मीटर, आपले जवळजवळ दहा गुंठे.

ओस्लो: पाच वर्षांचा भाडेकरार

१९८७ च्या पॅलेस्टिनी उठावानंतर, १३ सप्टेंबर १९९३ ला इस्रायलचे पंतप्रधान राबिन आणि पॅलेस्टिनी नेते अराफत यांनी ओस्लो करारावर हस्तांदोलन केलं. पॅलेस्टिनी मुक्ती संघटनेने इस्रायलचं अस्तित्व मान्य केलं, इस्रायलने तिला पॅलेस्टिनींची प्रतिनिधी मानलं. १९९५ च्या दुसऱ्या करारात वेस्ट बँकचे तीन भाग झाले. एरिया ए, सुमारे १८ टक्के: मोठी शहरं, कारभार आणि पोलीस पॅलेस्टिनी. एरिया बी, सुमारे २२ टक्के: कारभार पॅलेस्टिनी, सुरक्षेचा अंतिम अधिकार इस्रायलचा. एरिया सी, सुमारे ६० टक्के: सगळं इस्रायलच्या हाती, घराला खोली वाढवायची तरी परवाना त्यांचाच. ए आणि बी हे सी च्या समुद्रातली बेटं आहेत, म्हणून शेजारच्या शहरात जायलाही वाटेत नाका लागतो.

ही पाच वर्षांची तात्पुरती सोय होती. जेरुसलेम, निर्वासित, वसाहती, सीमा हे अवघड प्रश्न पुढे ढकलले होते. १९९४ मध्ये एका ज्यू अतिरेक्याने हेब्रॉनच्या मशिदीत २९ जणांना गोळ्या घातल्या, हमास या पॅलेस्टिनी इस्लामी संघटनेने बसगाड्यांत आत्मघाती स्फोट केले, १९९५ मध्ये राबिन यांना एका ज्यू माथेफिरूनेच मारलं. २००० ची कॅम्प डेव्हिड बोलणी फसली, दुसरा उठाव पेटला. तात्पुरती सोय आजही चालू आहे. ओस्लोच्या वेळी वेस्ट बँकमध्ये, पूर्व जेरुसलेम सोडून, लाखभर वसाहतवाले होते, आज पाच लाखांहून अधिक आहेत. वाटाघाटी चालू असताना जिच्यावर वाटाघाटी, ती जमीनच बदलत गेली. ओस्लो फसण्याच्या कारणांत मी हे सर्वांत वर ठेवेन.

“गाझा तर इस्रायलने सोडला होता, मग?”

२००५ मध्ये इस्रायलने गाझातल्या २१ वसाहती स्वतः उठवल्या. २००६ च्या निवडणुकीत हमासला १३२ पैकी ७४ जागा मिळाल्या, २००७ मध्ये त्याने गाझा बळाने ताब्यात घेतला आणि इस्रायलवर रॉकेटं सोडत राहिला. इस्रायलने, आणि आपल्या सीमेवर इजिप्तने, नाकेबंदी केली. जमिनीवर वसाहती नव्हत्या, पण आकाश, समुद्र, लोकसंख्येची नोंदवही आणि मालाची ये-जा यांवर इस्रायलचं नियंत्रण राहिलं.

७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने सीमा ओलांडून सुमारे १२०० जणांना मारलं, त्यांत बहुतेक सामान्य नागरिक होते. २५१ जणांना ओलीस नेलं. त्यानंतरच्या इस्रायली कारवाईत ऑक्टोबर २०२५ च्या युद्धबंदीपर्यंत, गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या नोंदीप्रमाणे, ६७ हजारांहून अधिक माणसं मेली. पट्टीतली बहुतेक सगळी माणसं बेघर झाली. गाझाच्या बहुसंख्य लोकांचे आईबाप, आजीआजोबा १९४८ मध्ये रेघेपलीकडच्या गावांतून आलेले निर्वासित. ७ ऑक्टोबरला ज्या किबुत्झांवर, म्हणजे सामूहिक शेतीच्या ज्यू वस्त्यांवर, हल्ला झाला ती त्या रेघेच्या लगतचीच. यातून त्या दिवसाच्या कत्तलीचं कसलंही समर्थन होत नाही, आणि त्या कत्तलीने हजारो मुलांच्या मृत्यूचंही होत नाही.

नोंदवही पुन्हा उघडली

गाझाकडे सगळ्यांचे डोळे असताना, मे २०२५ मध्ये इस्रायली सरकारने एरिया सी मधली जमीन नोंदणी पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला, १९६८ मध्ये थांबवलेलीच. यावेळी नोंदवही त्यांच्या हातात असेल. ज्याला हक्क सांगायचा त्याने पुढे यायचं, कागद दाखवायचे. कागद तुर्की काळातले, आजोबांच्या नावाचे, वारस दहा-बारा, त्यांतले काही अम्मानला, काही कुवेतला, ज्यांना वेस्ट बँकमध्ये यायची परवानगीच नाही. अशी नोंदणी एकदा पुरी झाली की ती उलटवणं फार अवघड असतं, आणि ज्या जमिनीवर कोणाचा दावा सिद्ध झाला नाही ती सरकारच्या नावावर चढते.